कॅथलिक नीतिशास्त्राचे जुने ग्रंथ: शोध व पारख

कॅथलिक पंथाच्या नीतिशास्त्रावरील जुने लॅटिन ग्रंथ आपल्याकडील अभ्यासकांस पूर्वीं पाहावयास मिळणेंहि दुर्घट होतें. आतां इंटरनेट आर्काइव्ह, गूगल बुक्स, हाथीट्रस्ट, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचें गालिका व म्यूनिक येथील बव्हेरियाच्या राज्यग्रंथालयाचा संग्रह यांतून त्यांचीं पानें आंतरजालावर घरबसल्या वाचतां येतात. पापनिवेदन ऐकणाऱ्या पाद्र्यानें विवाह, व्याज, शपथ, चोरी इत्यादि प्रकरणीं काय निर्णय द्यावा हें या ग्रंथांत सांगितलेलें असतें. आपल्याकडील प्रायश्चित्तप्रकरणांशीं त्यांचें साम्य वाचकांच्या सहज ध्यानांत येईल. गोमंतकाच्या इतिहासाच्या अभ्यासकांस तर ते विशेष उपयोगी आहेत. परंतु ग्रंथ सांपडणें निराळें व तो प्रमाण म्हणून पुढें करणें निराळें. या शाखेंत ग्रंथाच्या व ग्रंथकाराच्या नांवावरून फारसें कांहीं ठरत नाहीं. आधीं आवृत्ति निश्चित केली पाहिजे.

नेपल्सचे संत आल्फोन्सो लिगोरी (१६९६-१७८७) यांच्या 'थेओलोगिआ मोरालिस' या प्रसिद्ध ग्रंथाचेंच उदाहरण घेऊं. १७४८ सालीं तो प्रथम निघाला तेव्हां तो स्वतंत्र ग्रंथ नव्हता. बूझेनबाउम या जर्मन जेझुइटाच्या सतराव्या शतकांतील 'मेडुल्ला' नामक आटोपशीर ग्रंथावरील त्या टीपा होत्या. ग्रंथकर्त्याच्या हयातींत नऊ आवृत्त्या निघाल्या व टीका वाढत गेली, तरी बूझेनबाउमचें मूळ आंत राहिलेंच. तें न ओळखतां त्यांतील वाक्य लिगोरींचें म्हणून देणें म्हणजे याज्ञवल्क्याचें वचन विज्ञानेश्वराच्या नांवावर घालणें होय. शिवाय ग्रंथकर्त्याचें मतहि बदलत गेलें. एखादें कृत्य निषिद्ध आहे कीं नाहीं असा संशय असतां, मोकळीक देणारें मत विरुद्ध मताइतकें तरी सबळ असलें पाहिजे, अशी भूमिका त्यांनीं १७६२ च्या एका लहान निबंधांत मांडली. अर्थात् १७४८ ची प्रत हातीं धरून त्यांच्या अखेरच्या मताविषयीं कांहीं सांगणें धोक्याचें आहे. अशा कामास लेओनार गोदे यांनीं रोम येथें १९०५ ते १९१२ या काळांत चार भागांत काढलेली संशोधित आवृत्ति वापरावी. तींत जुन्या आवृत्त्या ताडून पाहिल्या असून इतर ग्रंथांचे आधारहि तपासले आहेत.

शोध करतांना नांवांचीं लॅटिन रूपें ध्यानांत ठेवावीं. 'लुग्दुनुम' म्हणजे लिओं. पण त्यापुढें 'बातावोरुम' असेल तर लायडन. 'आउगुस्ता विंदेलिकोरुम' हें आउग्सबुर्ग, व 'आउगुस्ता ताउरिनोरुम' हें तुरिन. जुन्या छापांतील लांब 'स' यंत्रास 'फ' वाटतो, म्हणून शब्द टाकून कांहीं मिळालें नाहीं तरी तो ग्रंथांत नाहींच असें समजूं नये. सूचींतील सालावर व भागांकावर विसंबूं नये. मुखपृष्ठ उघडून रोमन अंक स्वतः वाचावे. त्याच पानाच्या आसपास धर्माधिकाऱ्याची छापण्याची अनुज्ञा असते. ग्रंथांत धर्मविरुद्ध कांहीं आढळलें नाहीं, एवढाच तिचा अर्थ. त्यांतील प्रत्येक मत धर्मपीठाचें आहे असा नव्हे.

यानंतर ग्रंथाचें साल धर्मपीठाच्या निर्णयांशीं ताडून पाहावें. १६७९ सालीं अकरावे इनोसंट पोप यांनीं शिथिल नीतीचीं ६५ विधानें निषिद्ध ठरविलीं. त्यापूर्वींच्या ग्रंथांत तशीं मतें निर्वेधपणें आलेलीं असूं शकतात. १९१७ सालीं प्रसिद्ध झालेली धर्मकायद्याची संहिता १९१८ पासून अंमलांत आली व १९८३ सालीं तिची जागा नव्या संहितेनें घेतली. तेव्हां विवाह व धर्मदंड यांवरील प्रकरणें कोणत्या कायद्यास अनुसरून लिहिलीं आहेत हें सालावरून समजतें.

याचें महत्त्व गोमंतकाच्या बाबतींत स्पष्ट दिसतें. कोइंब्रा येथील अध्यापक व संत फ्रान्सिस झेवियर यांचे आप्त मार्तिन दे आस्पिल्कुएता यांचा पापनिवेदनावरील ग्रंथ कोइंब्रा येथें १५५२ सालीं पोर्तुगीज भाषेंत निघाला. पुढें स्पॅनिश व १५७३ सालीं लॅटिन रूपांत तो आला. मध्यंतरीं १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मसभेनें असा निर्णय दिला कीं, पाद्री व दोन किंवा तीन साक्षीदार यांच्यासमक्ष न झालेला विवाह विवाहच नव्हे. गोव्याची पहिली प्रांतिक धर्मसभा भरली ती १५६७ सालीं. आतां त्यानंतरच्या एखाद्या गुप्त विवाहाच्या कागदाचा अर्थ १५५२ च्या प्रतीवरून लाविला, तर त्या काळच्या कायद्यानें रद्द असलेला विवाह आपण ग्राह्य मानूं. आणि त्या दांपत्याची संतति व वारसा यांविषयींचे आपले सर्व निष्कर्ष चुकतील.

यासाठीं असा ग्रंथ उतरून घेतांना आवृत्तीचें साल, स्थळ, भाग, पृष्ठ व मूळ प्रत कोणत्या ग्रंथालयाची हीं पांच टिपून ठेवावीं. मागील वाचकांच्या समासांतील टीपाहि वगळूं नयेत. ग्रंथ प्रत्यक्ष कसा वापरला गेला हें कित्येकदां त्यांवरूनच कळतें.