पोहणारीं मुलें आणि पाण्याचा हिशेब

तलावाच्या कांठीं उभे राहून "जोरानें हात मार!" असें नातवास ओरडून सांगणारे आजोबा वाचकांनीं पाहिलेच असतील. आम्ही त्यांतलेच एक. आमचा १२ वर्षांचा नातू शर्यतीची तयारी करूं लागला, तेव्हां जितके हात अधिक तितका वेग अधिक, असें आमचें सरळ त्रैराशिक होतें. पुढें उजवा खांदा धरून तो रात्रीं जागूं लागला आणि डॉक्टरांनीं तीन आठवडे पाण्यांत उतरूं नये असें बजाविलें, तेव्हां आमचे डोळे उघडले.

पाणी हवेहून सुमारें ८०० पट दाट. त्याचा विरोध साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति घनाच्या. वेग १० टक्क्यांनीं वाढवूं म्हटलें तर शक्ति सुमारें ३३ टक्के अधिक हवी! कोंवळ्या शरीरानें ती आणावी कोठून? म्हणून विरोध कमी करणें हेंच आधीं साधावें लागतें. मान वर काढली कीं कंबर व पाय खालीं जातात आणि अंग तिरप्या फळीसारखें पाणी ढकलीत राहतें. मस्तक शरीराच्या रेषेंत ठेवून दोन्ही कुशींवर किंचित् वळत गेलें, म्हणजे तेंच पाणी वाट देतें.

वेग म्हणजे एका हातांत कापलेलें अंतर गुणिले मिनिटाचे हात. आम्हीं मोजून पाहिलें. २५ मीटरांच्या फेरीस नातवाचे २६ हात होत. नव्या शिक्षकांनीं कोपर उंच ठेवून, तळहातासह कोपरापासूनच्या सबंध हातानें पाणी मागें रेटावयास शिकविलें. दोन महिन्यांनीं तेंच अंतर तितक्याच वेळांत २० हातांवर आलें. ३००० मीटरांच्या सरावांत प्रत्येक खांदा पूर्वीं १५६० वेळां फिरे, आतां १२०० वेळां. खांद्याची खोबण उथळ. तो सांधा मुख्यतः स्नायू व स्नायुबंधांच्या आधारावर राहतो. हें ध्यानीं घेतलें म्हणजे वांचलेल्या ३६० फेऱ्यांचें मोल कळेल.

कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ सालीं बीजिंग ऑलिंपिकमध्यें पोहला तेव्हां १६ वर्षांचा होता, हें घरोघरच्या मुलांस ऐकविलें जातें. परंतु एकाच वर्षीं जन्मलेल्या दोन मुलांच्या शरीराची वाढ सारखी नसते, हें सांगतो कोण? हातपाय झपाट्यानें वाढूं लागले कीं बसलेली लयहि कांहीं काळ बिघडते.

गेल्या महिन्यांत नातवाची वेळ एका सेकंदानें वाढली. सूनबाईंनीं काळजीनें विचारलें; आम्हीं दाराच्या चौकटीवरील त्याच्या उंचीची नवी खूण दाखविली. हल्लीं आम्ही कांठावर हात मोजीत बसतों, ओरडत नाहीं.