अंगात आलेलं इंजिन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मालवणच्या किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यातली एक चूक आज मी तुम्हाला सांगणार आहे, कारण तिच्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

एका मालकाने आपली जुनी टू-स्ट्रोक जेट बोट माझ्याकडे आणली. रेस सोडली तरी इंजिन मोठ्याने फिरत राहतं, एवढीच तक्रार. हंगामाचे दिवस, त्यात मालकाला घाई. मी आयडलचा स्क्रू थोडा ढिला केला. आवाज खाली आला. मालक खूश, मीही मोकळा.

चौथ्या दिवशी किनाऱ्यावरून हाक आली, ‘‘मेस्त्रीनू, इंजिन बंद होणा नाय!’’ बोटीवर मालकाचा मुलगा होता. त्याने रेस सोडली होती, किल्लीही बंद केली होती, तरी वेग वाढतच चालला होता. समोर पोहणारी माणसं. पोराने प्रसंगावधान राखून बोट खोल समुद्राकडे वळवली. थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरला चिकटला आणि इंजिन थांबलं. दुसऱ्या होडीने ती बोट ओढून आणली.

किल्ली बंद केल्यावरही इंजिन चालतं कसं? टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, तेल आणि हवा यांचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून सिलिंडरमध्ये जातं. क्रँककेसचं सील किंवा कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट फाटलं, तर जादा हवा आत शिरते. हवा वाढली की पेट्रोलचं प्रमाण घटतं आणि मिश्रण पातळ होतं. त्याने इंजिन जोरात फिरतं आणि भलतंच तापतं. पेट्रोलबरोबर वंगणही कमी पोचतं. सिलिंडरच्या डोक्यावर साचलेली काजळी निखाऱ्यासारखी लाल होते आणि मग प्लगच्या ठिणगीवाचूनच मिश्रण पेटत राहतं. किल्ली फक्त ठिणगी बंद करते, निखारा नाही. आपल्याला वाटतं, इंजिनात जोर आला. प्रत्यक्षात ते उपाशी असतं.

अशा वेळी काय करावं? जेट बोटीला सुकाणू नसतं. मागून सुटणारा पाण्याचा झोत वळवला की बोट वळते. इंजिन थांबलं की झोत थांबतो आणि हँडल फिरवून उपयोग होत नाही. म्हणून आधी तोंड मोकळ्या पाण्याकडे वळवायचं आणि मगच मनगटाची दोरी ओढून ठिणगी तोडायची. तरीही थांबलं नाही, तर चोक पूर्ण ओढायचा. त्याने हवा अडते, पेट्रोल वाढतं आणि इंजिन गुदमरून बसतं. घाबरून आधी पेट्रोलचा कॉक बंद करू नये. उरलेलं पेट्रोल संपता संपता मिश्रण आणखी पातळ होतं आणि मरण्याआधी इंजिन जास्तच उधळतं.

बोट काठावर आली की तपासणी क्रमाने करावी. पहिली रेसची केबल. खाऱ्या हवेने ती गंजून अडकते. रेस सोडल्यावर कार्ब्युरेटरची झडप पूर्ण मिटते का, ते डोळ्यांनी पाहावं. मग प्लग काढावा. त्याचं टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर ठीक. पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ आहे. शेवटी गळती शोधावी. इंजिनाची आत-बाहेरची तोंडं बंद करून हातपंपाने बेताची हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात, त्यातलाच हा प्रकार. हवा भरताना जोर करू नये, नाहीतर चांगलं सीलही उलटतं.

त्या बोटीत बुडबुडे आले ते क्रँकच्या सीलपाशी. पावसाळाभर बोट काठावर पडून होती, त्यात रबर कडक होऊन चिरलं होतं. फेस लावून पाहायला मला अर्धा दिवस लागला असता. तो मी वाचवला आणि एका पोराचा जीव टांगणीला लागला. सील, पिस्टन आणि रिंगा मी माझ्या खर्चाने घातल्या. मालक एका शब्दाने बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून ‘‘मेस्त्री, नुसता आवाज कमी करून द्या’’ असं कुणी म्हणालं, तर मी स्क्रूला हात लावत नाही. आधी फेसाची वाटी काढतो.

तुम्ही सुटीत किनाऱ्यावर जाल, मुलंबाळं हौसेने अशा बोटीवर बसतील. निघण्याआधी चालवणाऱ्याच्या मनगटाला ती दोरी बांधलेली आहे का, एवढं जरूर पाहा. नसेल तर उतरा. पैसे परत मागायला लाजू नका.