लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकते? पॅनल बदलण्याआधी हे तपासा

मी सोनाळ्याहून बोलतोय. ज्यांना ऐकता ऐकता करून बघायला जमत नाही, त्यांच्यासाठी हे या भागाचं शब्दांकन.

मागच्या महिन्यात माझ्या गेमिंग लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकायला लागली. वाटलं, गावातली लाइट कमी-जास्त होतेय. चार्जर काढला, तर बॅटरीवरही तेच. अकोल्याच्या एका दुकानात फोन केला, तर न बघताच म्हणाले, "पॅनल गेलं, बदलावं लागेल." कपाशीच्या पैशातून घेतलेला लॅपटॉप. बाबा म्हणाले, "पहिले नीट पाहून त घे!" मग एकेक तपासत गेलो.

१. टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. बाकी सगळं लुकलुकतंय, पण ही खिडकी स्थिर आहे? मग दोष एखाद्या ॲपचा. हीसुद्धा लुकलुकते? मग ड्रायव्हर किंवा हार्डवेअर. माझी लुकलुकत होती.

२. बायोस. लॅपटॉप बंद करून चालू करा आणि लगेच एफ-२ किंवा डिलीट दाबत राहा. कंपनीप्रमाणे बटण बदलतं. इथे विंडोजही नसतं आणि त्याचा ड्रायव्हरही नसतो. तरी लुकलुकलं, तर हार्डवेअर. इथे स्थिर असेल, तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने टाका आणि रिफ्रेश रेट १४४ वरून ६० हर्ट्झवर आणून बघा. माझं बायोसमध्येही लुकलुकलं. ड्रायव्हर सुटला!

३. टीव्ही. एचडीएमआय केबलने टीव्ही जोडा. तिथेही लुकलुकलं, तर ग्राफिक्स चिपवर संशय. टीव्ही स्वच्छ असेल, तर बहुतेक पॅनल किंवा त्याची केबल. माझा टीव्ही स्वच्छ होता.

४. बिजागरी. झाकण हळूहळू मागे-पुढे करा. पॅनलची केबल बिजागरीतूनच जाते, रोजच्या उघडझापीने ती झिजते किंवा सैल होते. माझं झाकण एका कोनात आलं, की लुकलुकणं थांबायचं. चोर सापडला!

हे सगळं मोबाइलवर शूट करून दुकानात नेलं. एक लक्षात ठेवा: कॅमेऱ्यात चांगल्या स्क्रीनवरही पट्टे दिसू शकतात, त्यामुळे निवाडा डोळ्यांनीच करा. दुकानदाराने व्हिडिओ बघितला, केबल बदलली, काम झालं. पॅनल ठणठणीत होतं.

वॉरंटी असेल, तर स्वतः उघडू नका. पण तपासायला स्क्रू-ड्रायव्हर कुठे लागतो? चला, भेटू पुढच्या भागात!