हजारी मजुरी आणि कायद्याचा हात

सोलापूरच्या पूर्व भागात, जेथे पुरुष यंत्रमागावर आणि स्त्रिया विडीवर अशी कष्टांची वाटणी कित्येक तेलुगुभाषक घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, तेथे दारिद्र्यनिर्मूलनाचा विचार मांडीवरच्या विडीच्या सुपापासूनच आरंभावा लागतो. भिजवून मऊ केलेले तेंदूपान मापाने कातरावयाचे, चिमूटभर तंबाखू घालून वळावयाचे, दोरा बांधावयाचा, आणि हजारावर मजुरी घेण्यासाठी माल कारखान्यात पोचवावयाचा. तेथे तपासणाऱ्याने दोन मुठी ‘छाट’ म्हणून बाजूला सारल्या, की तेवढे श्रम बुडालेच. घरी बसून काम करणारी ही बाई पूर्वी कारखानदाराच्या दप्तरी नोकरच नव्हती, मग तिने फिर्याद करावी ती कोणापुढे?

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने मालकाचा कच्चा माल घरी नेऊन विड्या वळणाऱ्यालाही कामगार ठरविले, आणि छाटीचा तंटा अधिकाऱ्यापुढे नेण्याची तरतूद केली. कारखानदार अर्थातच न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला, आणि १९८५ च्या निकालाने घरी विड्या वळणाऱ्या कामगारांचा भविष्यनिर्वाह निधीवरील हक्कही मान्य झाला. मजुरी त्यामुळे भरघोस झाली असे नव्हे. पण मागावयाचे ते हक्काने मागता येऊ लागले.

१९७६ च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या आणि घरे यांसाठी कल्याणनिधी उभारला. तरीही घरे आपोआप उगवली नाहीत. कामगार पुढारी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगार बायांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, तेव्हा केंद्र, राज्य आणि कामगारांचा स्वतःचा हिस्सा मिळून सोलापूरजवळच्या कुंभारी येथे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, व २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांच्या स्वाधीन झाली. पुढे असंघटित कामगारांसाठी योजलेल्या रे नगर वसाहतीच्या तीस हजारांपैकी पंधरा हजार घरे २०२४ च्या जानेवारीत दिली गेली. ज्या बाईचे घर हाच तिचा कारखाना, तिच्यासाठी कोरडी जमीन आणि उजेडाची खोली ही उत्पादनाचीच साधने होत, हे धोरणकर्त्यांच्या ध्यानी फार उशिरा आले.

वस्तू व सेवा करासोबत २०१७ साली विडीवरचा तो उपकर रद्द झाला; कल्याणाचा खर्च आता अंदाजपत्रकाच्या मर्जीवर आहे. तंबाखू आरोग्यास घातक, हे मलाही मान्य आहे. परंतु धंदा आटविण्याचे धोरण आखताना, सूप खाली ठेवणाऱ्या पन्नाशीच्या बाईने दुसऱ्या दिवशी कोणते काम हाती घ्यावे, याचे उत्तर त्याच फाइलीत असावयास हवे.