सरबत फिकं, की जीभ?

मुलांनो, एकाच पातेल्यातलं लिंबाचं सरबत घरात सगळ्यांनी घेतलं. ताई म्हणते, "केवढं गोड!" आणि दादा म्हणतो, "आई, यात साखरच नाही!" सांगा बरं, खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही! फरक सरबतात नाही, जिभेत आहे.

डेन्मार्क देशात २००८ साली सुमारे ८,९०० शाळकरी मुलांनी वर्गात चवीची परीक्षा दिली. मुलींना चव लवकर ओळखता आली. तीच गोडी कळायला मुलग्यांना साधारण २० टक्के जास्त साखर लागली.

आता आरशासमोर जीभ बाहेर काढा. तिच्यावर बारीक उंचवटे दिसतील. त्यांतल्या गोल, लालसर उंचवट्यांत चव ओळखणाऱ्या पेशींचे झुबके असतात. त्यांना रुचिकलिका म्हणतात. पण त्या एकट्याने काम करत नाहीत. करून पाहा : स्वच्छ रुमालाने जीभ कोरडी पुसा आणि वर चिमूटभर साखर ठेवा. क्षणभर काहीच कळणार नाही! लाळ सुटली, साखर विरघळली, की मग गोड लागेल.

हीच लाळ दातांचीही राखण करते. साखर खाल्ली की तोंडातले जंतू तिचं आम्ल बनवतात. आम्लाने दाताचं कठीण कवच झिजतं. लाळ ते आम्ल धुऊन काढते, पण तिला वेळ तर मिळायला हवा! दर तासाला तोंडात चॉकलेट टाकलं, तर ती बिचारी काय करणार?

इथेच एक दुष्टचक्र सुरू होतं. सतत गोड खाल्लं की थोड्या गोडाने समाधान होत नाही. मग आणखी साखर, आणखी कीड. दात किडलेल्या मुलांना गोडी कळायला जास्त साखर लागते, असं काही पाहण्यांत आढळलं आहे. त्यात जीभ साफ केली नाही, तर तिच्यावर पांढरट थर साचतो आणि चव झाकली जाते. दुखऱ्या दाताने घास नीट चावलाही जात नाही. तांदळाच्या भाकरीचा घास सावकाश चावला तर गोड लागतो. पण न चावता गिळला, तर तो गोडवा कळणार कसा?

मग आपल्या वसईची सुकेळी खायचीच नाहीत का? खायची की! आगाशीच्या सुक्या केळ्यांची तारीफ इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येही आहे. पण राजेळी केळं उन्हात वाळलं की त्याची साखर आटून घट्ट होते आणि दाढांच्या फटीत चिकटून बसते. म्हणून सुकेळी जेवणाबरोबर खा, दिवसभर चघळू नका. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरा.

आता आनंदाची बातमी! रुचिकलिकांमधल्या पेशी साधारण दहा-पंधरा दिवसांत बदलून नव्या येतात. आणि सवयही बदलते. अमेरिकेतल्या एका प्रयोगात (२०१६) मोठ्या माणसांनी खाण्यातली साखर कमी केली. तिसऱ्या महिन्यात त्यांना तेवढ्याच साखरेचं पुडिंग जास्त गोड लागू लागलं!

आई-बाबांनो, थोडं तुमच्यासाठी. "दुधाचे दात, पडणारच आहेत," असं म्हणून कीड सोडून देऊ नका. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे एक नवी दाढ येते. आधी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच वाटते. ती मात्र कायमची असते! मूल तोंडाने श्वास घेत असेल, तोंड कोरडं पडत असेल, किंवा चव नाही अशी तक्रार बरेच दिवस करत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि मुलांनो, सकाळी आणि रात्री झोपताना दात घासा, जीभ हलकेच साफ करा. दुधातली साखर या आठवड्यात अर्धा चमचा कमी करा. महिन्याभराने आणखी थोडी. दुधाला स्वतःची गोडी असते, ती तुम्हांला कधी कळली ते वहीत तारीख घालून लिहून ठेवा!