तक्रार नल्लकुंट्याची, नियम नानकरामगुड्याचे

विमा नियामक आयआरडीएआयचं मुख्यालय हैदराबादेतच, नानकरामगुड्याच्या फायनान्शियल डिस्ट्रिक्टमध्ये. त्याचे नियम विमा कंपनीत पाळले जातात का, हे पाहणं कम्प्लायन्स विभागाचं काम. कंपनीचाच पगार घेऊन कंपनीलाच अडवायचं, म्हणजे नोकरी तशी अवघडच! २०२४च्या नियमांनुसार पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. कॅशलेस उपचारांत डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यावी लागते. उशिरापायी रुग्णालयाने जादा बिल लावलं, तर ते कंपनीने सोसायचं. आरोग्यविम्याचा दावा कंपनीच्या दावा आढावा समितीच्या मंजुरीशिवाय नाकारता येत नाही. हे नियम पाळले गेले नाहीत, तर हैदराबादच्याच नल्लकुंट्यातल्या पॉलिसीधारकाने आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तिथलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांचं कार्यालयही शहरातच आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही नाही.