खोटा मासा, खरा मासा

गळाला गांडूळ लावलं की निम्मं काम गांडूळच करतं. खोट्या माशात मात्र जीव आपणच ओतायचा, हे आम्हां तिघा मित्रांना ईरी सरोवराने चांगलंच शिकवलं.

वॉलाय हा इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्याच्या डोळ्यांत आत चकचकीत पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला छान दिसतं. नोव्हेंबरात छोट्या माशांच्या मागे हे धूड रात्री किनाऱ्याशी येतं. म्हणून आम्हीही कानटोप्या चढवून ओहायोतल्या ह्यूरनच्या धक्क्यावर! गळ जडवलेला प्लॅस्टिकचा मासा लांब फेकायचा, रीळ अगदी सावकाश गुंडाळायचं आणि मधेच थांबायचं. खरी गोम या थांबण्यात आहे. गार पाण्यात वॉलाय पाठलागाचा कंटाळा करतो; जखमी मासा जागच्या जागी तरंगतोय असं वाटलं, तरच तोंड घालतो. आम्ही पडलो घाईचे. दोन रात्रींत सहा खोटे मासे खडकांत घालवले. घरून विचारणा झाली, "एवढ्या डॉलरांत पापलेट नसतं का आलं?"

तिसऱ्या रात्री थांबून सात आकडे मोजले, आणि काठी वाकली. साडेअठ्ठावीस इंच! राज्याच्या 'फिश ओहायो' योजनेत 28 इंचांपासून नोंद होते. एवढी मोठी म्हणजे बहुधा मादीच, पोटात वसंतातली अंडी वाढत असलेली. तव्याचा मोह कुणाला नसतो? गोठल्या हातांनी आम्ही वाद घातला, फोटो काढला आणि तिला सोडून दिलं.

कालवणाला दुसऱ्या दिवशी अठरा इंची दोन मिळाले. लहानच जास्त चविष्ट लागतात, असं आम्ही घरी ठासून सांगितलं.